बाईंचा सराव

यंत्रानं वृंदाबाईंचा बारा वर्षांचा सराव मैथिलीच्या पोटापाठीच्या स्नायूंत उतरवला, त्याला महिना झाला होता. एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर ती सरसर चढली, टोकाच्या बोंडावर आडवी तोलली. आता फक्त उडी उरली होती. तेवढ्यात तिची कंबर आवळली आणि सुटेचना.

"कंबर सोड गं! उद्या स्पर्धा आहे," खालून वृंदाबाई ओरडल्या.

"मी धरलीच नाहीये, बाई! रोज इथंच होतं." मैथिलीनं बोंडावरूनच खाली पाहिलं. "इथं तुम्हाला काय झालं होतं?"

यंत्राच्या फॉर्मवर 'जुनी दुखापत' या रकान्यात बाईंनी 'नाही' लिहिलं होतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि घाईघाईनं दुसरी गादी ओढू लागल्या. फक्त डाव्या बाजूला.