मांडवातलं गाणं

डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात दोन वर्षं राबले, तेव्हा कुठे माझा टच मोबाईल आला. झरीच्या आमच्या घरात मग रोज शूटिंग. आये कोंबड्या हाकलतेय, आये नाचणीची भाकर थापतेय, आये स्वतःलाच मोबाईलमध्ये बघून तोंडाला पदर लावून हसतेय. राहिलं फक्त तिचं गाणं. आये धवलेरी होती. पाड्यावरची लग्नं तीच लावायची, तिच्या गाण्यावाचून देव मांडवात येत नसत. आसपास दुसऱ्या कुणाला ते पाठ नव्हतं. मी मोबाईल धरून सारखी मागे लागायचे. एकदा ती चुलीपुढून वैतागून म्हणाली, "मांडव नाय, नवरी नाय, गानां कसां म्हनू? उगाच देवाला कशाला उठवायचा? तुज्या लग्नात म्हनीन." मोबाईल चालूच होता; रागारागाने मी तो नकारही तसाच ठेवून दिला. होळीच्या आधी ती तापाने गेली. वैशाखात माझं लग्न. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहून झाला, बायका त्याच्यासमोर बसल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. धवलेरीची जागा रिकामीच होती. मी हळदीच्या हातांनी मोबाईल त्या जागेवर ठेवला आणि व्हिडिओ लावला. "तुज्या लग्नात म्हनीन," आये शेवटी म्हणाली. व्हिडिओ तिथेच संपला. तरी एकही बाई उठली नाही. सगळ्या तशाच बसून राहिल्या, ती आता सुरू करेल म्हणून.