चारुदत्तकाकांच्या कथेतली बाई

"यंत्रमानव, यानं, परग्रह, हे काहीही नसलं तरी चालतं," चारुदत्तकाका म्हणाले. "जगातला एखादाच नियम बदलायचा, आणि मग माणसं तिथे कशी वागतील ते अगदी खरंखरं लिहायचं. झाली विज्ञानकथा."

एवढं बोलून त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

हिमानी त्यांची मुलाखत घ्यायला आली होती. तिच्या मराठी वाचनगटाने आवडता विज्ञानकथाकार म्हणून काकांनाच निवडलं होतं. स्नो पडत असतानाही ती ड्राइव्ह करत भर दुपारी अमेरिकेतल्या या श्रूजबरी गावात पोचली, त्याला मात्र दुसरंच कारण होतं.

"पण खरंच लिहायचं, तर परग्रहावर कशाला जायचं, काका?"

"इथलं लिहिलं की लोक विचारतात, ही कोणाची गोष्ट? तिथलं लिहिलं की विचारतात, हे सुचलं कसं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येतं."

काका हसले. इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला, किडकिडीत, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेला माणूस. हिमानीला त्यांचं हसू आवडलं नाही.

पद्मजाकाकू पाणी घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या हाताला बँडेज होतं.

"काय झालं, काकू?"

"काही नाही गं, भाजलं जरा."

काकांनी नजर खाली घातली. हिमानीने ते बरोबर टिपलं. नागपूरची तिची मावशीही असंच म्हणायची. जरा भाजलं, जरा पडले. मावशीचे यजमानही असेच खाली बघायचे. मावशी गेली तेव्हा घरातलं कोणीच काही बोललं नव्हतं.

काकू आत गेल्या. हिमानी पुढे सरकली.

"काका, तुमच्या कथांत पुन्हा पुन्हा येणारी ती बाई. तिची भीती एखादा पुरुष इतकी आतून लिहू शकेल असं मला वाटत नाही. खरं सांगा, या कथा कोणाच्या आहेत?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिचं मनगट गच्च पकडलं.

"हळू! हे कोणाकोणाला बोललीस?"

"माझा हात सोडा."

"या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही. कळलं? स्नो वाढतोय. तू निघ आता."

त्यांची बोटं मनगटात रुतली होती. हिमानीने हिसडा देऊन हात सोडवला. आता तर ती निघणारच नव्हती. रिकामे ग्लास उचलून ती तडक स्वयंपाकघरात गेली.

काकू वरणाला फोडणी देत होत्या. "जेवूनच जा गं," त्या म्हणाल्या. "यांचं काय ऐकतेस!"

"काकू," हिमानी कुजबुजली, "मी त्या कथा वाचल्यात. सगळ्या."

"मी नाही बाई वाचत यांचं. काय असतं त्यात?"

म्हणजे हिला कबूल करायचीही भीती वाटते, हिमानीच्या मनात आलं. आपल्याला सगळं समजलंय हे काकूंना कळावं, म्हणून तिने सावकाश सांगायला सुरुवात केली. एका बर्फाळ चंद्रावरचं ठाणं. तिथे दोघंच. एक तंत्रज्ञ बाई आणि तिचा कमांडर. हवेची कळ कमांडरच्या हातात. बाहेरचं कोणी आलं की तो गोड बोलतो, आणि यान परत गेलं की तिची हवा तोडतो. ती जमिनीवर तडफडते आणि तो शेजारी बसून बघतो.

काकूंचा डाव हवेतच थांबला होता.

"असं लिहितात होय?" त्या म्हणाल्या.

"मला कळतं, काकू. तुम्ही एकट्या नाही आहात."

काकू तिच्याकडे बघून छान हसल्या. गॅस बंद केला. "तू बाहेर बस. मी गरमगरम वाढते." आणि मग हॉलकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा आत येता का?"

काका उठले. हिमानीच्या जवळून जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हिमानी हॉलमध्ये येऊन बसली. मग भांडं आदळलं. कोणीतरी कळवळलं, आणि लगोलग काकांचा आवाज आला, "सोड! सोड म्हणतो ना!"

हिमानी धावली. फरशीवर वरणाचा सडा पडला होता. काकांनी काकूंना फ्रिजवर दाबून धरलं होतं. त्यांची पाठ दाराकडे होती आणि त्यांच्या आडून काकूंचा नुसता चेहरा दिसत होता, लालबुंद झालेला.

"काका, स्टॉप! सोडा त्यांना!"

"तू बाहेर जा!" काका ओरडले.

शेगडीवर बिडाचा तवा होता. हिमानीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या डोक्यात घातला. ते वळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिने पुन्हा घाव घातला. ते ओट्याच्या कडेवर आपटून खाली कोसळले. कानामागून रक्त वाहत वरणात मिसळायला लागलं. मावशीच्या वेळी असा हात कोणीच उचलला नव्हता, एवढंच तिला सुचत होतं.

"बरं केलंस," मागून काकू म्हणाल्या. त्यांना दम लागला होता.

तवा टाकून हिमानीने इमर्जन्सीचा नाइन-वन-वन लावला. काका श्वास घेताहेत का, असं पलीकडून विचारत होते. तिने गुडघे टेकले, स्वेटर ओढला आणि शर्टाची बटणं तोडूनच काढली.

गळ्याखाली मोकळी जागाच नव्हती. इस्त्रीचे तिकोनी डाग होते, एकावर एक. काही जुने, पांढरे पडलेले. काही अजून ओले.

तिने मान वर केली. काकूंच्या हातात भाजी चिरायची मोठी सुरी होती.

काकूंनी वाकून तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि कट केला.

"ॲम्ब्युलन्स कशाला?" त्या म्हणाल्या. "यांचं औषधपाणी नेहमी मीच करते."