भरतीपूर्वीची प्रकृती

"जल्मपासून मरतुकडाच शे तो," धनुबाई कोरीटच्या चावडीत म्हणाली.

नंदुरबारहून आलेल्या कारकुनाने टाक दौतीत बुडवला. समोर छापील कागद होता. रकाना नववा: भरतीपूर्वी प्रकृती कशी होती? घरच्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब घ्यावा. चिंधाला बाप नव्हता, म्हणून आईला बोलावलं होतं. चिंधा स्वतः मधोमध उघडाबंब, बरगडी न् बरगडी मोजता यावी असा उभा होता, कारण दहाव्या रकान्यात पंचांनी देह समक्ष पाहिल्याचं लिहायचं होतं. तीन वर्षं समुद्रापार बसऱ्याच्या लढाईत खेचरं हाकून तो गेल्या साली परत आला, तो छातीचा खोकला घेऊनच. धुळ्याच्या डॉक्टरांना खोकला मान्य होता. आता ठरायचं होतं ते एवढंच, की खोकला सरकारचा की चिंधाच्या घरचा. सरकारचा असला तर पेन्शन. घरचा असला तर ज्याचा त्याने सांभाळावा.

"लहानपणी काय काय व्हायचं त्याला?" कारकुनाने विचारलं.

"काय नई व्हये ते इचारा. खोकला, ताप. आंगमा जीवच नई. दिवाळी दखस का नई, आशेच वाटे."

पंच आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले. परक्या माणसासमोर आपल्या लेकराला धडधाकट म्हणायची रीत कोरीटमध्ये कुणाच्याच घरी नव्हती. धनुबाईची तर चार लेकरं आधीच मातीत गेली होती. पाचव्याचं नाव तिने चिंधा ठेवलं, की चिंधीवर कोण नजर टाकतो. तेव्हापासून आजतागायत तिच्या तोंडून त्याच्याबद्दल बरा शब्द गावाने ऐकला नव्हता. त्यात हा कारकून परका, आणि त्याला चष्मा. म्हणजे नजर नेहमीपेक्षा मोठी.

"मग संपलंच," कारकून म्हणाला. "आजार आधीचाच. पेन्शन बसत नाही."

हिलाल पाटलांनी घसा साफ केला. "रावसाहेब, म्हातारी खोटं बोली ऱ्हायनी."

पाटलांना हे माहीत असायला हवंच होतं. लढाईत सरकारने गावाकडून अकरा गडी मागितले, तेव्हा ते पाटलांनीच निवडले. सारंगखेड्याच्या बाजारात बैल पाहावा तसे ते चिंधाभोवती दोनदा फिरले होते आणि पहिलं नाव त्याचं सांगितलं होतं. त्याबद्दल त्यांना मानाचं पागोटं मिळालं. अकरांतले चार परत आले.

"पाटील, या रकान्यात तुमचा जबाब चालत नाही, आईचा चालतो," कारकून म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता, फक्त रकान्यापुरता होता. "आई खोटं बोलते असं मुलानं सांगावं. मी तसं लिहून घेतो."

सगळ्यांनी चिंधाकडे पाहिलं.

"मन्ही माय खोटी नई," चिंधा म्हणाला. मग त्याला उबळ आली. ती बराच वेळ चालली. रस्त्यावरून लांबलचक वरात जावी आणि बोलणं थांबवून बसावं, तशी माणसं थांबून राहिली.

उबळ ओसरल्यावर तो आईकडे वळला. आवाज अगदी खाली आणला होता, पण चावडीत खालचा आवाजही ऐकू येतो.

"माय, सांगी दे. तू दुसरासना वावरमा निंदाले जास. मी ओटावर बशीसन खास. माले लाज वाटस."

धनुबाईने पदर तोंडाशी धरला. ती बोलली ती जमिनीकडे पाहत.

"चार ग्यात. हाऊ जगना, तो मी आशी बोलनी म्हनीसन."

कारकुनाने टाक उचललेलाच ठेवला. हे कुठे लिहायचं ते कागदावर नव्हतं.

"सांगसू मी," धनुबाई म्हणाली. "पन पहिले समदा तोंड फिरावा. भित्तकडे. मी सांगस तवलोंग त्याकडे कोनी दखानं नई."

"बाई, जबाब समक्ष घ्यावा लागतो."

"मंग मरतुकडाच लिखा."

कारकुनाने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मांडी फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मग एकेक पंच फिरला. शेवटी कारकुनानेही स्टूल वळवलं आणि कागद गुडघ्यावर घेतला.

धनुबाईने त्या पाठींना सांगायला सुरुवात केली. जन्मला तेव्हा सुईणीच्या हातात मावत नव्हता. सात वर्षांचा असताना खांद्यावर वासरू घेऊन घरी आला. सोळाव्या वर्षी मारक्या बैलाची वेसण त्याच्याशिवाय कुणी धरत नसे. नऊ भाकरी खाई, आणि दहावी मागायला लाजे. चोरी कबूल करावी तसा तिचा आवाज खाली खाली जात होता. कारकुनाचा टाक कुरकुरत होता. रकाना दोन बोटं रुंद. तो समासातून वर चढला, मग कागदाच्या मागच्या बाजूला गेला.

"दखाले भारी देखना व्हता," ती म्हणाली.

मग तिने थोडा दम घेतला.

"झायं. आते दखा."

कुणीच वळलं नाही. चावडीच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता. तिच्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. सगळे तीच पाहत राहिले.