अळणी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांचा स्वयंपाक हसत उरकणाऱ्या आचाऱ्याला घरी वाटीभर भोपळा शिजवताना घाम फुटला. मुलगी सहा महिन्यांची झाली होती. आता वरचं अन्न सुरू करा, पण वर्षाची होईपर्यंत मीठ नको, साखर नको, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. नवऱ्याचा हात सवयीने जाईल म्हणून बायकोने मिठाचा डबाच माळ्यावर टाकला होता.

"अळणी भोपळा, तोही माझ्या हातचा," तो कुरकुरला. "बाहेर कुठे बोलू नकोस. आणि मोठेपणी ही खाल्ल्या मिठाला जागली नाही, तर मला बोल लावू नकोस."

"आधी भरव," बायको म्हणाली.

पहिल्या चमच्याला मुलीने तोंड वाकडं केलं.

"बघ. जीभ बापावर गेलीये."

दुसऱ्या चमच्याला तिने बापाचं मनगटच धरलं. मग भोपळा तिच्या गालांना, कानाला, त्याच्या शर्टाला लागला, आणि शेवटी ती रिकामी वाटी तोंडाशी ओढून चाटत बसली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट ठेवायला आलेले मॅनेजरसाहेब मुद्दाम त्याच्यापाशी थांबले.

"मानलं तुम्हाला. काय फक्कड भाजी झालीये."

एरवी एवढ्या कौतुकावर तो आठवडाभर तरंगला असता. आज त्याने आधी साहेबांच्या ताटात डोकावून पाहिलं.

"मग साहेब," त्याने विचारलं, "वाटी का नाही चाटलीत?"