चिन्नसामीची वडिवु

“पाणी उतरू दे, मग येते,” असं सरस्वतीनं तमिळमधून म्हटलं, तेव्हा कुठे पंचनदरावांनी इडलीचा तुकडा तोंडात घेतला.

वाक्य तिचं नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातलं होतं. त्यात पंचनदराव कावेरीवरचा नावाडी चिन्नसामी झाले होते आणि अलमेलु नावाची नटी पैलतीरावरची त्याची प्रेयसी वडिवु. पुढे पंचनदरावांनी वकील केले, पोलीस केले, दोनदा देवही झाले. पण लोकांच्या लेखी ते चिन्नसामीच राहिले.

मोठ्या देवळात दर्शनाला गेलं की बायका त्यांच्याभोवती जमत, आणि मग सरस्वतीच्या खांद्यावरून मागे पाहत वडिवु कुठे आहे म्हणून विचारत. एका लग्नात तर ही त्यांची बायको हे कुणाला सुचलंच नाही, आणि हळदीकुंकवाचं तबक तिच्यापुढून तसंच निघून गेलं होतं. सरस्वती हसून सोडून द्यायची. कारण घराच्या पायरीवर पाय ठेवला रे ठेवला की पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात जपलेल्या जुन्या मराठीत नवऱ्याची हाक यायची, “सरस्वती!” टॉवेल हवा असो की नुसतं ती कुठे आहे ते कळायला हवं असो. ती हाक ऐकली की बाहेरचं सगळं बाहेर राहायचं.

आजारात ती हाकच गेली. आधी दिवस विसरले, मग नातेवाईक, आणि एका सकाळी पंचनदरावांनी तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. ते मराठी बोलेनासे झाले; बोलत ते तमिळच. डॉक्टर म्हणाले, जे सर्वांत खोल रुजलेलं असतं ते शेवटपर्यंत टिकतं. सरस्वतीनं ते ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर ती तोंड फिरवून रडली. सर्वांत खोल काय रुजलं होतं ते तिला घरी दिसतच होतं.

तिच्या हातून ते जेवत नव्हते. शेवटी एका दुपारी तिनं न राहवून वडिवुचं ते वाक्य म्हटलं. पंचनदराव दचकले, त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चिन्नसामीचं पुढचं वाक्य जसंच्या तसं म्हणून घास घेतला.

मग तोच रिवाज पडला. सरस्वतीनं पांढरे केस रंगवले, अंबाड्यावर कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा माळला, वडिवुसारखी ठसठशीत टिकली लावली. सत्तरीच्या घरात आरशासमोर हे करताना तिला लाज वाटायची. पण ते जेवत होते, औषध घेत होते. फार अदबीनं वागत होते. ती आली की खुर्चीतून उठू पाहायचे, वाटी पुढे केली की तमिळमध्ये आभार मानायचे, आणि दिवस कलला की तिची गाडी आली का म्हणून विचारायचे. आजारी डोक्यातला गोंधळ, असं म्हणून ती मान हलवायची.

एकच गोष्ट तिला खुपायची. वडिवु समोर बसलेली असतानाही त्यांची नजर दाराकडे जायची. तिच्यावरून घसरून पुन्हा दाराकडे. कुणाची तरी वाट पाहत असावेत तशी.

कुणाची, ते सरस्वतीनं आपलं आपण ताडलं. सोंग किती रंगवलं तरी सोंगच. ज्या माणसानं आयुष्यभर आपल्याला जपलं, त्याला आता खरी वडिवु हवी असेल तर ती आणून देणं आपल्या हातात आहे, असं तिनं मनाला बजावलं. चेन्नईतल्या मुलाला, विघ्नेशला, फोन करून अलमेलुचा नंबर शोधायला लावला. तो नाराज होता. आई, तुलाच त्रास होईल, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

“होऊ दे,” सरस्वती म्हणाली. “त्यांस एकदां भेटूं दे.”

अलमेलु आली ती भर सकाळी, राजवाड्यामागच्या गल्लीत ऑटो शिरत नाही म्हणून कोपऱ्यापासून चालत. पांढरे केस मागे बांधलेले, साधी सुती साडी, कपाळावर भस्माची रेघ. पडद्यावरची वडिवु तिच्यात शोधूनही सापडली नसती. सरस्वतीच्या गजऱ्याकडे तिनं क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता तिचे हात हातात घेतले. मी काय बोलू त्यांच्याशी, एवढंच तिनं तमिळमधून विचारलं. जे आठवेल ते बोला, सरस्वती म्हणाली.

अलमेलु दारात उभी राहिली. पंचनदरावांनी मान वर केली. त्यांचा सगळा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत सरस्वतीनं तो तसा पाहिला नव्हता.

पाहवलं नाही तिला. कॉफी करून आणते म्हणत ती आत गेली. डिकॉक्शन पेल्यात ओतलं, पण दूध घालायचं राहूनच गेलं. बाहेरून त्यांचा आवाज येत होता. चिन्नसामीचा नव्हे. बारीक, घाईघाईचा, घरातला. आणि मराठी.

सरस्वती चौकटीला धरून उभी राहिली. अलमेलु मदुरेची, तिला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं. ती नुसती हं हं म्हणत त्यांच्या हातावर थोपटत होती, आणि पंचनदराव तिच्या कानाशी झुकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं सांगत होते, “किती वेळ लाविलीस, सरस्वती. त्या आंतल्या बाई फार चांगल्या, रोज येऊन वडिवुचं काम करतात. त्यांचं मन मोडूं नये म्हणून मीही म्हणतों आपलं भाषण. पण आतां तूं आलीस. त्यांस सांग, बाई, आतां तुम्ही आपल्या घरीं जा.”