याच्या आधीची फणी

यंदा डिझाइन कॉलेजच्या बाईंनी छापील प्रश्नावली बंद केली होती. गाडीत त्यांनी मुलांना बजावलं, "काम कसं चाललंय, असं विचारू नका. माणूस बरं चाललंय म्हणतो आणि आपण मोकळे होतो. आधीची वस्तू कधी केली होती, ते विचारा."

गेली नऊ वर्षं बाई मुलांना लाकडी फण्या करणाऱ्या याच काकांकडे आणत होत्या. काकांनी खोली लख्ख झाडून ठेवली होती. बारीक करवतीने ते एकेक दाता पाडत होते, मधूनच कानस फिरवत होते. मुलं भराभर लिहून घेत होती. एवढं जुनं काम अजून तग धरून आहे, या विचाराने बाईंना दर वर्षीसारखंच भरून आलं.

एका मुलीने विचारलं, "काका, याच्या आधीची फणी कधी केली होती?"

"गेल्या वर्षी," काका म्हणाले. "तुमच्या कॉलेजची मुलं आली होती ना, तेव्हा. एरवी मी बँकेच्या दारावर वॉचमन असतो. आज रजा टाकलीय."

मुलीचं पेन थांबलं. तिने बाईंकडे पाहिलं.

काकांनी फणीवरचा भुसा फुंकून टाकला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीही आणा मुलांना, बाई. नाहीतर हात विसरून जातील."