कानामागची भिंत

"जगाशी बोलताना तोंडाकडे बघतात आणि माझ्याशी बोलताना भिंतीकडे," काकूंनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "डोळ्यांचं मागून बघा. आधी ही खोड बघा."

काका यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते. दोघांचं फोटोफ्रेमचं दुकान. काका फ्रेमा बनवायचे, काकू गल्ला सांभाळायच्या आणि काकांनाही. आज सकाळी काकांना एक लाकडी पट्टी वाकडी वाटली. त्यांनी रंधा मारायला घेतला. मारता मारता चांगली सरळ पट्टी वाकडी करून ठेवली, आणि वर काकूंनाच दाखवली, "आता कशी सुतात आली!" काकूंनी त्याच पावली त्यांना इथली वाट धरायला लावली.

पट्टीचं काकूंना एवढं नव्हतं. लाकूड काय, दुसरं मिळतं. पण कित्येक महिने नवरा त्यांच्याकडे बघतच नव्हता. चहा ठेवा, ओरडा, नवे कानातले घालून समोर उभ्या राहा, नजर जायची ती कानावरून मागच्या भिंतीवर. गिऱ्हाइकाशी मात्र डोळ्याला डोळा. शेजारची लाँड्रीवाली आली की विचारूच नका. तिच्याकडे अशी टक लावायची, जणू तिचीच फ्रेम करायला घेतलीय. काकूंनी टोमणे मारून पाहिले. अबोला धरून पाहिला. अबोला काकांना मानवायला लागला, तेव्हा तो सोडून दिला. एकदा तर त्यांनी दार लावून आरशात स्वतःचं तोंड नीट तपासलं. एवढं बघवेनासं झालंय काय, ते काही सापडलं नाही.

"यंत्रातल्या हिरव्या फुलीकडे सरळ बघा, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बघतोय."

"नाही, तुम्ही बाजूला बघताय."

"घ्या!" काकू म्हणाल्या. "फुलीच्याही नशिबी तेच."

पडद्यावर चित्र उमटलं. डोळ्याच्या आतले थर एकावर एक दिसत होते, कापलेल्या प्लायच्या कडेसारखे. मध्येच ते फुगले होते. प्लायला पाणी लागलं की फुगतं, अगदी तसे.

"इथे पाझर आहे," डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय, तो काही परत येणार नाही. डाव्यातही सुरू आहे, पण तो धरून ठेवता येईल. पूर्वी यावर फारसा इलाज नसायचा. आता डोळ्यात इंजेक्शन देतात. आधी बधिर करतात, फार दुखत नाही. सुरुवातीला दर महिन्याला यावं लागेल."

काकांनी हनुवटी उचलली. "डोळ्यात सुई? छे छे. कडेकडेचं दिसतंय तेवढं पुरे. या वयात बघायचं काय राहिलंय?"

"ऐकलंत?" काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, पण तो चढलाच नाही. "घरात बघण्यासारखं काही उरलेलं नाही त्यांना."

"तसं नाही, काकू. मधला भाग गेला की ज्याच्याकडे सरळ बघावं तेच पुसलं जातं. समोरच्या माणसाला तोंडच राहत नाही. मग कुणाला नीट बघायचं असलं की त्याच्या थोडं बाजूला बघावं लागतं. पुष्कळांना ते आपोआप जमतं."

काकू गप्प झाल्या. हे क्वचितच घडायचं, म्हणून काकांनी कान टवकारले.

"अहो, लाँड्रीवालीला चष्मा आहे का हो?"

"मला काय माहीत?"

"रोज तर टक लावून बसता!"

"तोंड दिसतं कुठे तिचं? आवाजावरून ओळखतो." काकांनी मान खाली घातली. "बाजारात कळलं तर आंधळ्याकडे फ्रेमा कोण टाकणार? म्हणून लोकांसमोर डोळे सरळ ठेवायचे. दिसलं नाही तर नाही."

"आणि मी?"

काकांची नजर हळूच सरकली आणि काकूंच्या कानावरून मागच्या भिंतीवर जाऊन थांबली. भिंत कोरी होती. नजर तिथून हलेना.

"कानातले जुनेच बरे दिसत होते तुला," ते म्हणाले.

काकूंनी नाक ओढलं. मान ताठ केली. पर्स उघडली, काही न काढताच मिटली.

"सुई घ्यायची, गुमान," त्या म्हणाल्या. "आणि गुण येईपर्यंत माझ्याकडे सरळ बघितलंत, तर याद राखा!"